अधिकाचा खांब

आजच्या सभेचे अध्यक्ष वामनरावजी पाटील, मेहकरहून बैलगाडीचे हिसके सोसत आलेले सन्माननीय पाहुणे, व्यासपीठावर, म्हणजे चौथीच्या वर्गाची चार टेबलं जोडून केलेल्या या उंचवट्यावर, जपून बसलेली वडीलधारी मंडळी, समोर सतरंजीवर दाटीनं बसलेले जानेफळकर, उजव्या दाराशी बसलेल्या समस्त मायबहिणी, आणि ज्यांच्यासाठी ही सभा भरली ते बद्रुद्दीन मिस्त्री व त्यांचं कुटुंब जमीलाबी, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. पेन्शनीतल्या मास्तरला दहा मिनिटं देणं म्हणजे बैलाला एकच पेंडी दाखवणं आहे; तरी मी आवरतं घेईन.

मिस्त्री उद्या सकाळी मोटारीनं शेगाव गाठतील, तिथून रेल्वेनं मुंबई, आणि पुढं आगबोटीनं हजला. गावातून हजला जाणारे ते पहिलेच. आनंदाची गोष्ट आहे. पण मघाशी अध्यक्षांनी त्यांची ओळख करून देताना प्रेमानं म्हटलं, "आपले अधिक मिस्त्री." आपण सारे हसलात. मिस्त्रीही हसले. मला मात्र हसता आलं नाही. ते नाव त्यांचं नाही. सात वर्षं ते चुकीच्या माणसाच्या अंगावर आहे, आणि उद्याची मोटार सुटण्याआधी ते ज्याचं त्याला परत गेलं पाहिजे. माझं आजचं भाषण एवढ्यासाठीच आहे.

जरा मागं चला. ही शाळा पहिल्यांदा उभी राहिली ती कै. उत्तमरावांच्या जागेवर, वेशीजवळ. उत्तमरावांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मास्तर, बारा वर्षं घ्या. पुढं पोरांच्या वाटण्या होतीन, मंग मले बोल नको लावजा." मी तेव्हा तरुण होतो, कवितेत बुडालेला होतो. मला दगडाची, चुन्याची, कमानीची शाळा हवी होती. मिस्त्री म्हणाले, "दुसऱ्याच्या जागेवर दगड-चुना काऊन लावता? पाहुण्यानं असं बसावं, का उठता आलं पाह्यजे."

आणि त्यांनी तसंच बांधलं. खामगावाकडं कापसाच्या जिनाचं एक जुनं छप्पर उतरवत होते, त्यातला साग त्यांनी निवडून आणला. म्हणजे ही लाकडं आपल्याकडं आली तेव्हाच त्यांचा एक जन्म होऊन गेला होता. खांबांना जुन्या जोडांची रिकामी भोकं होती. पोरं त्यात पेन्सिलींचे तुकडे लपवत. तेरा खांब, वर तुळया, वर वासे, वर कौलं. सगळ्यात एक खिळा नाही. खांबाच्या डोक्यावर ताशीव जीभ, तिला हे लोक कुसू म्हणतात, आणि ती बसायला तुळईत खाच. वरून लाकडी पाचर ठोकली की सांधा घट्ट. पाचर काढली की मोकळा. मी विचारलं, "खिळे का नाहीत?" तर म्हणाले, "खिळा लाकडाले पकडते, मास्तर. पाचर धरते. पकडलेलं फाटते, धरलेलं सुटते."

मी आयुष्यभर मुलांना अलंकार शिकवले. असं एक वाक्य मला सुचलं नाही.

पण हातानं ताशलेला प्रत्येक कुसू आपल्याच खाचेत बसतो, दुसऱ्याच्या नाही. म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक खांबावर आणि त्याच्या तुळईवर पटाशीनं खुणा कोरल्या होत्या. कुठं कावळ्याचा पाय, कुठं दोन रेघा, कुठं चंद्रकोर. लिहिता-वाचता येत नाही, तर ही त्यांची बाराखडी.

पुढं नऊ वर्षांनी डेप्युटीसाहेबांची तपासणी ठरली. मला त्या खुणा विद्रूप वाटू लागल्या. साहेब म्हणतील, पोरांनी खांब खरवडले! मिस्त्री तेव्हा दुसरबीडला कामावर होते. मी सगळ्या खुणा रंध्यानं तासून काढल्या, खांब-तुळया तेलरंगानं रंगवल्या, आणि खांबांवर सुबक अक्षरांत महिन्यांची नावं काढली. पोरं एकेका खांबाला हात लावत माझी कविता म्हणायची. आपल्यातल्या कित्येकांना ती अजून येत असेल:

चैत्र म्हणे मी पालवी, वैशाख म्हणे मी ऊन...

महिने बारा, खांब तेरा. मग मधल्या एका खांबावर लिहिलं 'अधिक', आणि कवितेच्या शेवटी ओळ जुळवली:

अधिक म्हणे मी पाहुणा, बसेन देशिल त्या कोना.

साहेबांनी शेरा दिला, 'शिक्षक रसिक आहेत.' तो कागद मी कितीदा वाचला असेल, हे सांगायला लाज वाटते.

आणखी तीन वर्षांनी, म्हणजे एकतीस साली, बारा वर्षं भरली. बोर्डाचं पत्र आलं: शाळा उघडण्याच्या दिवशी छप्पर उभं नसेल तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. हाती पंधरा दिवस. गावानं ही जागा दिली. मिस्त्री आले, खांबांकडं पाहिलं, हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी त माह्यं पुस्तकच पुसून टाकलं."

मी म्हटलं, "काळजी नको. महिने लिहिले आहेत. चैत्रापासून लावत जाऊ."

पाचरा निघाल्या. अकरा गाड्यांतून शाळा इथं आली. वर्गाचं दार एका गाडीत उभं बांधलेलं, आणि पोरं त्या दारातून डोकावून "हजर!" म्हणत गाडीमागं धावत होती. अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. पहिल्या रांगेत चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, सुरेख बसले. पुढं अधिक कुठं? मी पंचांग उघडलं. त्या साली अधिक आषाढ. ज्येष्ठानंतर अधिक, मग आषाढ. मी सांगितलं, तसं उभं केलं. बसेना. मोगरीनं ठोकलं. बसेना. आषाढही बसेना.

मिस्त्री म्हणाले, "एकडाव अदलून पाहू का?"

तर आपले उकंडराव, ते बसले आहेत मागं, म्हणाले, "अधिकातलं तुले काय समजते बे! तुमच्यात असते का अधिक?"

मिस्त्री म्हणाले, "नसते ना भाऊ. म्हणून त आमचा रमजान कधी हिवात येते, कधी उन्हात. भटकून राह्यलं बिचारं."

सगळे हसले. मीही हसलो, आणि पंचांग उंच धरून म्हणालो, "पंचांग खोटं बोलेल का? कुसू छाटा थोडा!"

सभ्य गृहस्थहो, हे 'छाटा' माझं. उकंडरावांनी करवत लावली तोच मिस्त्रींनी आपला पंजा करवतीखाली ठेवला. "पह्यले हे कापा. कुसू छाटला का सांधा हलते. पहिल्या वारा-वावधनात छप्पर पोरायच्या डोक्यावर येईन."

लोक जेवायला गेले. मी पंचांग विसरलो म्हणून परतलो, तर मिस्त्री डोळे मिटून कुसूवरून बोटं फिरवत होते. मला पाहून त्यांनी एकच विचारलं, "मास्तर, तुमी ज्या साली रंग देला, त्या साली अधिक कोन्ता होता?"

मी आठवलं. त्या साली अधिक श्रावण होता! मी अधिकाचं नाव आषाढानंतरच्या खांबावर काढलं होतं, आणि आता आषाढाच्या आधी उभा करत होतो. पंचांग खरं होतं, फक्त साल चुकलं होतं. जन्मभर पोरांना महिने घोकून घेणारा मास्तर महिन्यातच चुकला होता, आणि त्यापायी शाळेचा खांब कापायला निघाला होता.

मी म्हटलं, "लोक आले की सांगतो."

ते म्हणाले, "नका सांगू. उद्या ह्याच खांबापाशी पोरं तुमच्याकून महिने शिकतीन. मास्तर चुकते म्हणून समजलं, त कोन ऐकीन तुमचं? माह्यं काय, मी त अनपढ."

लोक आले. मिस्त्रींनी मोठ्यानं सांगितलं, "गाडीतून उतरवतानी तुळयायची म्याच अदलाबदल केली." खांब बदलले, दोन ठोक्यांत बसले. उकंडराव ओरडले, "घ्या! आमचा अधिक मिस्त्री!" आणि नाव चिकटलं. शाळा ठरल्या दिवशी उघडली. साऱ्या उठाठेवीत फक्त दोन वासे नवे घालावे लागले. आपण आता ज्या सावलीत बसलो आहोत, ती तीच.

आणि मी? मी सात वर्षं गप्प बसलो. बाजारात पोरं मागून ओरडायची, "अधिक मिस्त्री, आज कोन्ता महिना?" मी ऐकायचो आणि कविता शिकवायचो.

हजला निघण्याआधी दारोदार जाऊन 'कहासुना माफ' म्हणायची त्यांच्यात रीत आहे. बोलण्यात, वागण्यात काही उणंदुणं झालं असेल तर माफ करा. परवा मिस्त्री माझ्या दारी आले. म्हणाले, "मास्तर, माफ केलं म्हना." आणि मी म्हटलं, "केलं, केलं." मी! मी त्यांना माफ केलं! त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलं नाही.

उकंडराव, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला जे सांगितलं गेलं, ते तुम्ही बोललात. सांगायला हवं होतं मी.

मिस्त्री, तुम्ही या गावाला पुन्हा उभी राहू शकणारी शाळा दिलीत, आणि मला तीत मान वर करून शिकवता येईल अशी जागा राखलीत. या दोन्हीचे आभार एकदम कसे मानावेत, हे मला कोणत्या कवितेत सापडलं नाही. जमीलाबींचेही आभार, घरच्या माणसाची चेष्टा त्यांनीही गिळली. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, सतरंज्या देणाऱ्या मंडळींचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे आभार मानतो.

बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, दहाची वीस मिनिटं झाली असतील, तर सभेनं ते पोटात घालावं. सात वर्षांची क्षमा मात्र मी सभेकडं मागत नाही. ती मिस्त्रींकडं मागतो.

बद्रुद्दीनभाई, कहासुना माफ करा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी खाली बसणार नाही.