प्लेअर बंद करू नका

— नाही नाही, काका, हात मागे! स्क्रीनवरच्या त्या खिडकीला हात नाही लावायचा, फोनवर काय सांगितलं होतं मी? प्लेअर उघडा आहे तसाच राहू दे. पॉजवर आहे ना, मग असू दे पॉजवर. आणि चार्जरची पिन मीच धरते — मघाशी तुम्ही धरलीत तेव्हा चार्जिंगचं चिन्ह लागतंय-विझतंय, लागतंय-विझतंय. लॅपटॉपची बॅटरी काय, नावाला आहे नुसती, पिन सुटली की मान टाकेल. तुम्ही आपले समोर बसा. हात मांडीवर. हं. आता मी एका हाताने पिन धरणार, दुसऱ्याने टाइप करणार, आणि तोंड चालूच राहणार — घाबरले की मी बडबडते, आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं ते. काका म्हटलेलं चालतंय ना? बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाला दादा म्हणतात. मी नाही म्हणत. सवय मोडली.

आत काठी वाजतेय, तुमचे बाबा का? चहा झाला की ऐकतात म्हणालात ना, रोज, स्वतःचाच आवाज — अर्धांगाच्या झटक्यानंतर शब्द फुटत नाही, पण रेकॉर्डिंग लागलं की ओठ हलतात, परवा तर चक्क ‘चाक’ म्हणाले. सायकलींचं दुकान होतं, नाही का? आणि अशी एकुलती एक चीज तुम्ही पुसलीत, वर कचऱ्याचा डबाही रिकामा केलात! पेनड्राइव्हवर घेतली होती म्हणता. काय घेतलीत, कपाळ? हा चिमुकला बाण दिसतोय चित्रावर? शॉर्टकट आहे तो. फाईल राहिली इथेच, तुम्ही तिच्याकडे यायचा नुसता पत्ता नेलात. आणि मग जागा हवी म्हणून खरी फाईल उडवलीत. — अहो, तोंड असं करू नका. भलेभले फसतात त्या बाणाला.

तो माझा फोन. वाजू द्या. वाजू द्या म्हटलं ना.

तर काय सांगत होते — पुसलं म्हणजे नक्की काय पुसलं? नाव. फोल्डरमध्ये नाव लिहिलेलं असतं, तेवढं गेलं. पण फाईल केवढी, कुणाची, शेवटचा हात कधी लागला, डिस्कवर तिचे तुकडे कुठे कुठे पडलेत — ही नोंद वेगळी असते, आणि गंमत म्हणजे तिच्यात नाव नसतंच. तुम्ही फाईल उघडलीत की सिस्टीम ती नोंद डिस्कवरून उचलून मेमरीत आणून ठेवते, दर वेळी डिस्कपर्यंत हेलपाटे कोण घालणार? चार प्रोग्रॅमनी उघडली तरी नोंद एकच, शेजारी फक्त मोजत राहायचं, किती जणांनी धरलीय. नाव गेलं तर जाऊ दे, पण एकाने जरी धरून ठेवलीय, तोवर तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. शेवटच्याने सोडली की मग खेळ खलास. आत्ता धरलीय कुणी? ह्या प्लेअरने. एकट्याने. म्हणून ओरडले तुमच्यावर. वीज गेली तरी तेच, मेमरीच कोरी. सगळ्याच सिस्टीम उघडी फाईल अशी पुसू देत नाहीत, तुमच्या भाचीने ही वेगळी सिस्टीम घातली म्हणून — हां, सापडली! बघा, प्लेअरने काय काय धरलंय त्याची यादी, आणि हिच्यापुढे लिहिलंय ‘पुसलेली’. पुसलेली म्हणे! आता त्याच्या हातातूनच पेनड्राइव्हवर कॉपी घेते. चालली… चालली. पण डिस्क म्हातारी आहे, रखडत जाणार.

पुन्हा वाजला. नको, नको, उचलू नका! माझ्या कानाला तर मुळीच लावू नका, माझी मान हलली की हात हलेल. आणि काय सांगाल तुम्ही त्याला? ताई कामात आहेत? इतक्या वर्षांनी त्याने फोन केला आणि पहिला आवाज परक्या माणसाचा? — भाऊ आहे माझा. थोरला. नंबरच दिसतोय ना नुसता, नाव नाही? आमच्या बाबांनी मला समोर बसवून पुसायला लावलं होतं. दुकान आमचं एकत्र होतं, त्याने समोरच्या गल्लीत स्वतःचं काढलं, गिऱ्हाइकं गेली त्याच्या मागे, झालं — पाटीवरच्या त्याच्या नावावर रंग फासला, घरात त्याचा विषय बंद. आई होती तोवर आम्ही दोघी स्वयंपाकघरात हळूच त्याची आठवण काढायचो. आता मी एकटी. सकाळी त्याचा मेसेज आला, गाव सोडून चाललोय, निघण्याआधी एकदा फोन करीन, नाही उचललास तर समजेन. समजेन म्हणे! काय समजणार आहे तो, की बहिणीच्या एका हातात पिन आहे? — आणि खरं सांगू, हात मोकळे असते तरी उचलला असता की नाही, देव जाणे. आमच्या बाबांना काय तोंड दाखवू? थांबला वाजायचा. थांबू दे. तुम्ही स्क्रीनकडे बघा, माझ्याकडे काय बघताय!

झाली! नाही, पेनड्राइव्ह उपटू नका एवढ्यात, ‘झाली’ दाखवते पण अर्धीमुर्धी अजून मेमरीतच असते, सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते ही सिस्टीम. मी आत्ताच उतरवायला लावते… हं. आता पेनड्राइव्हवरची वाजवून बघू. — ऐका. ऐका! “अरे गाढवा, चेन मागून चढवतात, मागून!” तुम्हालाच ना हे? वा, काय खणखणीत आवाज आहे बाबांचा. काठी थांबली बघा आतली.

आता करा प्लेअर बंद. तुम्हीच करा. भिऊ नका, आता सोडली तरी चालतंय. — गेली बघा. आणि मीही पिन सोडते, बोटं बधिर झालीत माझी… हा गेला लॅपटॉप. जाऊ दे.

फोन द्या इकडे. तिसऱ्यांदा वाजला होता का मध्ये? आवाज चालू असताना? नाही ना? नक्की?

नंबर पाठ आहे मला, बघायलाही लागत नाही. काका, तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन आत जा, बाबा वाट बघताहेत. टीव्हीला लावा, टीव्हीवर वाजेल. दार ओढून घ्या. — रिंग जातेय. जा ना हो.

रिंग जातेय अजून —

दादा?