गौरवचा ग्लव्ह

मी जेवतो उजव्या हातानं, मंग सॉफ्टबॉल डाव्या हातानं काहून फेकतो, हे तू तिसऱ्यांदा विचारून राहिला. चहा घे, सांगतो.

आमच्या कॉलेजच्या रविवारच्या टीममध्ये गौरव एकटाच डावखुरा होता. तो बुटीबोरीच्या रोडवर ॲक्सिडेंटमध्ये गेला. महिन्याभरानं त्याचे बाबा, आम्हा साऱ्या पोरांचे काका, मैदानावर आले न् त्याचा ग्लव्ह माझ्या हातात ठेवला. "घरी नुसता पडून आहे गा. तू खेळ यानं."

आपण उजव्यानं फेकतो म्हणून ग्लव्ह डाव्या हातात घालतो, डावखुऱ्याचा उजव्या हातात बसते. हे काकाले माहीतच नव्हतं, न् सांगाची हिंमत कोणालेच झाली नाही. मी तो उजव्या हातात चढवला न् डाव्यानं फेकू लागलो. एकही थ्रो धड जाये ना. पहिल्या बेसवरचा सागर दर वेळी बॉल आणाले पळे.

काका स्कूटरवर बसून सारं पाहून राहिले होते. जाताना जवळ आले, खांद्यावर हात ठेवला.

"आमच्या गौरवचाही सुरुवातीले असाच वाकडा जाये," म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो मी पाहाले."