खालच्या ओळीतलं नाव

तर अर्थ बरा नाही, हे तुम्हांला सांगितलं कोणी? अर्जात तर तुमच्याच हातानं लिहिलंय — 'नाव बदलण्याचं कारण : अर्थ चांगला नाही, लोक हसतात.' हसू देत की. बसा आधी. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे, इकडे खुर्चीवर बसा. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या जन्माचं रजिस्टर म्हणजे अगदी वरची फळी, आणि माझे गुडघे शिडी बघूनच कुरकुरायला लागतात — तरी काढणार मीच, दुसरं कोण आहे? रिटायर होऊन आठ वर्षं झाली मला. आठवड्यातून दोन दिवस अजून बोलावतात, कारण या प्रसूतिगृहातली जुनी रजिस्टरं इथल्या कोणाला वाचता येत नाहीत. शिकलेली पोरं आहेत हो, पण अक्षर जरा तिरकं गेलं की रजिस्टर घेऊन माझ्याकडे, आजी, हे काय लिहिलंय. मी शाळेची पायरी चढले नाही, आणि मी वाचते. असो.

विश्राम. भारदस्त नाव आहे. तुम्ही म्हणता विश्राम म्हणजे आराम, आणि आराम म्हणजे आळशी — तसं नाही, बाबा. आराम कोणीही करतं, मांजरसुद्धा करतं. विश्राम कधी, तर श्रम झाल्यावर. त्या शब्दाच्या पोटातच श्रम बसलेत, सावकाश म्हणून बघा. जुन्या माणसांत सापडायचं हे नाव, आजोबा-पणजोबांच्या वयाच्या, मग मागे पडलं. आता कशी ठेवतात — ऐकायला मऊ, दोन अक्षरांत आटपणारं, आणि अर्थ विचारला तर थांबा, मोबाइलवर बघून सांगतो. एखादा हिरो गाजला की वर्षभर पानोपानी तोच. एकदा एका वॉर्डात तीन पाळणे आणि तिन्हीवर एकच नाव, औषध एकाचं आणि पाजणार होते दुसऱ्याला. माझी एक वही आहे, दवाखान्याची नाही, माझी — कोणतं नाव, कुठून आलं, कोणत्या साली किती वेळा. तुमचं किती वेळा असेल? एकदा. इतक्या वर्षांत, या इमारतीत जन्मलेल्या इतक्या पोरांत विश्राम एकच, आणि तो माझ्यापुढे बसून ते पुसायला निघालाय.

हो, शाळेतलं कळलं. कवायतीचे मास्तर 'सावधान' म्हणाले की सगळे ताठ, आणि 'विश्राम' म्हणाले की तुम्ही एकटे 'हजर सर'. मला हसू आलं त्याचं मनावर घेऊ नका. आणि आता क्रेनवर चढलात की खालून मुकादम ओरडतो, विश्राम कामावर आला, बंद करा कामं. ओरडू दे त्याला. वीस वर्षं लोखंड उचलताय, एकदा तरी कोणाच्या डोक्यावर पाडलंत? नाही ना? मग दिवसभर राबून घरी जाता तेव्हा ते नाव तुम्हांला नाही शोभणार तर कोणाला, मुकादमाला?

आलं कुठून म्हणता — पोथीपुराणातून नाही, दारावरून आलं. जिन्याखालची ती खोली दिसते, सलाईनची खोकी रचलीत तिथली? ती नर्सबायकांची बसायची खोली होती, दारावर पाटी होती 'विश्राम कक्ष'. मी तेव्हा इथं आया. त्या खोलीची फरशी दिवसातून दोनदा मीच पुसायची, पण आत टेकायचं नाही, आयांनी जिन्यावर बसायचं. अक्षरं मी तिथंच शिकले. थोरल्या नर्सबाईंनी एकदा पाटी वाचून दाखवली, पुढचं माझं मी — फडका फिरवता फिरवता बोटानं गिरवायचं. त्यातलं 'श्रा' बसायला मला महिना लागला. म्हणजे काय, की — हं? पाटीवरून तुमच्यापर्यंत कसं आलं? थांबा, शिडी आणते. बोलत बसलं की काम राहतं.

नका धरू, पडत नाही मी.

हे घ्या. पान एकशे बारा. जपून, कागद पापडासारखा झालाय. ही खालची ओळ तुमची — आईचं नाव, वार, मुलगा, वजन, आणि या रकान्यात विश्राम. वरची ओळ बघायचं कारण नाही. नक्कल मी लिहून देते, ती अर्जाला जोडा की — काय झालं? अक्षर वेगळं आहे, दिसलं तुम्हांला. क्रेनवाल्याची नजर. बाकी सगळ्या पानावर थोरल्या नर्सबाईंचं मोत्यासारखं अक्षर, आणि तुमचंच नाव असं कोंबडीचा पाय पडल्यासारखं. आता काय सांगू.

इथली एक पद्धत होती. बाळाचं नाव आधी पेन्सिलीनं लिहायचं. आई त्याला घेऊन दाराबाहेर पडली की त्या दिवशी नर्सबाई त्यावर शाई फिरवायच्या, आधी नाही. का, ते तुम्हीच समजून घ्या — सगळीच बाळं दाराबाहेर जात नव्हती. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मलाही त्याच आठवड्यात मुलगा झाला. याच वॉर्डात, ज्या खाटांच्या चादरी मी बदलायची त्यातल्याच एका खाटेवर मी. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी आडवी पडले होते, आणि कोणी ऊठ म्हणत नव्हतं. शेजारी तो. तेव्हा त्याचं नाव ठरलं, दुसरं सुचलंच नाही. नर्सबाई जेवायला गेल्या, रजिस्टर टेबलावर, दौत-टाक टेबलावर. मी उठले, भिंतीला धरत गेले आणि लिहिलं. थेट शाईनं. शाईनं लिहिलेला माझा पहिला शब्द तो. आणि ओळी वाचायची सवय नव्हती हो मला, मी पाट्या वाचायची. पाटीला एकच ओळ असते. लिहिलं ते खालच्या ओळीत गेलं. शेजारच्या खाटेवरची बाई, तिचा मुलगा. तुमची आई.

झालं एवढंच. चूक झाली, अशिक्षित बाई होते, शाई पडली ती पडली. सहाव्या दिवशी माझा मुलगा गेला, मग कोण बघतंय कुठल्या ओळीत काय आहे. तुम्हांला नाव मिळालं, नुकसान काय झालं तुमचं? म्हणून म्हणते, राहू द्या. एवढी वर्षं वागवलंत, उरलेली वागवा. मुकादमाचं काय, आज आहे उद्या नाही.

काय म्हणालात? मुकादमासाठी नाही?

आईसाठी? कधी गेल्या त्या? गेल्या महिन्यात. मला कळलं नाही. मी पेपरातली निधनाची पानं वाचते, पण — असो. घरात त्या तुम्हांला विश्राम म्हणतच नव्हत्या? तुमच्या मामाच्या नावानं हाक मारायच्या, शेवटपर्यंत. आणि जाताना म्हणाल्या, आता कागदावरही तेच करून घे. मग अर्जात ते का नाही लिहिलंत, अर्थ चांगला नाही असलं काहीतरी कशाला लिहिलंत — अधिकारी आईचं कारण ऐकत नाहीत म्हणून. बरं.

पाणी घ्या. मीच घेते.

मला ठाऊक होतं ते. मामाचं. तुमच्या आईला ताप होता, डोळा लागत नव्हता, मी शेजारी, मलाही लागत नव्हता. तिनं मला सांगितलं होतं, धाकटा भाऊ होता, विहीर खोदताना वरून दगड आला आणि गेला, त्याचं नाव ठेवणार आहे. दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं, छान आहे म्हटलं. मी लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. आणि ओळ चुकली हे मला कधी कळलं — माझा मुलगा गेल्यावर नर्सबाई शेरा मारायला बसल्या, त्या वेळी कळलं. त्या म्हणाल्या, अगं, तुझ्या पोराचा रकाना तर रिकामाच आहे, काही ठेवलं नव्हतंस का? मी रजिस्टरात पाहिलं. तुमची आई अजून खाटेवरच होती, तिला जायला दोन दिवस होते. नर्सबाईंनी एक रेघ मारून बाजूला सही केली असती की मिटलं होतं. मी म्हटलं, नाही बाई, काही ठेवलं नव्हतं.

बघा, अशी मी. निघताना तुमच्या आईच्या हातात दाखला दिला, तिच्याबरोबरच्या कोणीतरी वाचला, आणि तिनं मला विचारलं, हे कोणी लिहिलं? माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, दवाखान्याकडूनच देतात, शाईत गेलं, आता बदलत नाही. ती भांडली नाही. ताप उतरलेला, अंगात जीव नव्हता, तुला पदराखाली घेतलं आणि गेली. आणि मी दर वर्षी जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. दाखला झाला, मग हजेरीत तेच नाव येणार ना. मास्तर हाक मारायचे, कोणीतरी हो म्हणायचं, मी घरी यायची. बस, एवढंच. मी कधी जवळ आले नाही तुझ्या. तुमच्या.

असं करू नका. तो अर्ज परत खिशात घालू नका. माझ्यावर दया करायला मी तुम्हांला बोलावलं नव्हतं, आणि राहू दे म्हणायचा हक्क तुम्हांलाही नाही, तो तिचा होता. ठेवा इथं. नाही, त्याचीही गरज नाही — नोंदच चुकलेली असली की नाव बदलत नाहीत, दुरुस्ती करतात. त्याला कारण लागत नाही, ज्याची चूक त्याचा शेरा लागतो. बघा, लिहिते. 'हे नाव या बाळाचे नाही. आयाने चुकीच्या ओळीत लिहिले. आईने सांगितलेले नाव पुढीलप्रमाणे.' मामाचं नाव मी विसरलेले नाही, सांगू नका. ही सही. आता हे कोणी अडवणार नाही, आणि अडवलं तर मला बोलवा, मी अजून मेले नाही.

जिथून काढलं तिथं रेघ, आणि जिथलं होतं तिथं ते लिहावं लागतं, तशी रीत आहे. नाहीतर दुरुस्ती अर्धी राहते. वरच्या ओळीत. हो, त्या शेऱ्याच्या शेजारी. सहा दिवस, मृत, असं लिहिलंय त्या शेऱ्यात — मी वाचलंय, मला वाचता येतं.

तुम्ही बाहेर बसा. नक्कल हाक मारून देईन. एवढी ओळ मी एकटीच लिहिणार आहे. जाताना दार ओढून घ्या.