चौथ्या मजल्याची मुदत

भिंत अकरा फुटांची आहे, ताई, पण मोजा, माझ्या शब्दावर जाऊ नका. टेप माझीच घ्या, शिंप्याची आहे, चुकायची नाही. पाळणा इथं बसेल, कपाट तिकडं. मुलानं बजावलंय — बाबा, खोल्या दाखवा, तोंड बंद ठेवा. ठेवतोय की. हळू बोलू, आत बायको निजलीय. दोन वर्षं झाली, खाली उतरलेली नाही. गुडघे. जिन्याला सरकती खुर्ची बसवतात ना — खर्च मी करणार होतो — तर मालकाचं पत्र, परवानगी नाही. कोण मालक म्हणता? जमिनीचा. जिनाही त्याचाच. रंगकाम काढलं की वर्गणी मात्र आमची, छत गळलं की आमची, आणि त्या पत्राची फी — नकाराचीसुद्धा फी घेतली हो, पावती आहे माझ्याकडं.

नाही नाही, घर आमचंच. म्हणजे — घर आमचं, भुई त्याची. भाडेपट्टा. नव्याण्णव वर्षांचा. हसलात ना? मीही हसलो होतो. म्हटलं, नव्याण्णव म्हणजे नातवाचं म्हातारपण. ज्यानं विकलं तो गोड माणूस, चहा पाजला, ह्याच खिडकीशी उभं करून समोरचं झाड दाखवलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं कापड दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावली नाही मी, आणि इथं वर्षं कुठून मोजायची एवढंही विचारलं नाही. मी धरली सही केल्यापासून. ती धरायची जमीन पट्ट्यानं दिली तेव्हापासून — तेव्हा इथं वीटसुद्धा आली नव्हती. आता मुदत वाढवा म्हटलं तर मालक अर्ध्या घराची किंमत मागतो, आणि नाही वाढवली तर —

बाल्कनी बघा ना आधी. झाड अजून आहे. हे विकलं तर तळमजल्यावरची एक खोली हेरून ठेवलीय, भाड्याची, दाराशी अंगण. बायकोनं बाहेरच्या चपला पुसून ठेवल्यात, पलंगाखाली, रोज पुसते. मुलगा म्हणाला, विचारलं तरच सांगा. तुम्ही पाणी विचारलंत, ऊन विचारलंत, शेजार विचारलात. ते नाही विचारलंत. आणि मी तुम्हाला झाड दाखवतोय.

एकोणीस. एकोणीस वर्षं उरलीत, ताई. पाळण्यातलं पोर कॉलेजात जाईल तेव्हा ह्या चारही भिंती मालकाच्या, आणि तुमचं बँकेचं कर्ज तेवढं तुमचं. आता असं बघू नका माझ्याकडं.

काय गं? नाही, कोणी नाही. पत्ता चुकून आल्यात. निज तू.

टेप ठेवा तिथं. आणि उतरताना कठडा धरू नका, हलतोय — त्याचीही परवानगी यायचीय.