सपाट रेघेवरचा वास

अगं, असं नाक खुपसायचं नसतं काचेच्या तोटीत – अलगद टेकव, हां, असं. आणि कानदा, ती हुंगायची पुदिन्याची नळी आधी पर्समध्ये टाक बाई; बसमध्ये, बाजारात हुंग हवी तेवढी, इथे नाही. तर हे यंत्र काय करतं? पेरूच्या रसाचा वास सुटासुटा करतं, एकेक वास या तोटीतून बाहेर येतो, तिकडे पडद्यावर रेघ वर चढते, आणि आपण बोलायचं – कसला वास, किती जोरात. यंत्राला नाक नाही ना! म्हणून तर प्रयोगशाळेचे डॉक्टर विचियन मला सोडत नाहीत, साऱ्या सामफ्रान तालुक्यात असं नाक नाही म्हणतात. बघ आता – चढली – कापलेलं गवत! आलं ना? पुढचं गोड, फुलासारखं – आलं? काय सांगत होते!

काय म्हणालीस? मी तोटीला टेकलेच नाही? पडद्याकडे बघून सांगते? – अगं, इतक्या वर्षांची सवय, रेघ दिसली की वास आठवतो – म्हणजे येतो. येतोच. तापातून उठले तेव्हा जरा सर्दी होती, एवढंच. घरी रोज तुझ्यासारखीच नळी हुंगून बघायची, नाकात गार लागायचं, म्हटलं चला, नाक शाबूत आहे. परवा नात आली, मापरांग – आल्या आल्या गाल हुंगला पोरीचा, आजीनं हुंगायचाच असतो – आणि काही नाही गं. ना पावडर, ना घाम. नुसता मऊ गाल. म्हणजे इतके दिवस ती नळी नुसती गारच लागत होती... भीती वाटली गं मला. तू बोलू नकोस हं कुणाला. सर्दी आहे, जाईल.

का गं मागे सरलीस? आत्ता तर रेघ सपाट आहे. मांजर मुतल्यासारखा? – तो इतका थोडा असतो की यंत्राला दिसतच नाही, नाकालाच कळतो. थोडासा हवाच, त्याशिवाय पेरू पेरूसारखा लागत नाही – पण जोरात येतोय? नक्की? अरे देवा. सकाळी याच रसाला मी हो म्हटलंय, खाली टँकर भरतोय.

पळ, थांबवायला सांग. डॉक्टरांना माझं नाव घेऊन सांग, वान्दीताईंना वास येत नाही म्हणावं. आणि ऐक – शाळा सुटली की नात येईल फाटकाशी. तिचा गाल तेवढा हुंगून सांगशील मला, कसा – नको. काही नको. जा तू.