मागच्या दाराचं कुलूप

हितं नका बसू, ह्या भिताडाच्या अंगाला या — तिथं रस्त्यावरनं दिसतं. हां, आता बसा. पिशवी मांडीवर घ्या, अवजारं वाजवू नका, आमची मंडळी ह्या बाजूच्या घरात झोपलीय, तिला जाग आली तर सगळंच अवघड हुईल. पानी देतो, पन आधी सांगा, मिरजगावात उतरल्यावर कुनाला पत्ता इचारला का? न्हाई ना? टपरीवर थांबला न्हाईत? नक्की? तो टपरीवाला कानिफनाथच्या चुलत्याचा जावई हाय, म्हनून इचारलं. तुमी भिंगारचे, तुमाला काय ठाऊक असनार. तेवढ्यासाठीच भिंगारातनं मानूस बोलावला — हितं बसस्टँडला चावीवाला हाय की, कारागीर चांगला हाय, पन त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.

तर मिस्त्री, हे कुलूप. हे उघडायचं. चावी हरवलीय. असं काय बघताय? दुकान माझंच हाय, पुढं पाटीवर खाली बारीक अक्षरात लायसनवाल्याचं नाव हाय, सहादेव, तो मीच. हे आधार कार्ड बघा. बघा नीट. फोटो जुना हाय, मिशी हुती तवा. झालं समाधान? आता तुमचा मोबाईल जरा पालथा ठेवता का — तसं न्हाई ओ, तुमच्यावर इश्वास हाय, पन हल्ली मोबाईल आपोआप रेकॉर्डिंग करतेत म्हनं. एक्साइजवाल्यांनी मागं एकाला तसाच पकडला. असू द्या. कोन सांगावं कोन कुनाचा असतो.

येताना बॅनर वाचला असंल — करवाढीच्या निषेधार्थ बंद. आज तालुक्यातल्या झाडून सगळ्या परमिट रूम बंद हायती. आता तुमी मनात म्हनत असाल, बंद हाय तर ह्याला दार उघडायचंय कशाला. म्हनताच असाल, तुमच्या तोंडावर दिसतंय. बरं, खरं सांगतो — चावी हरवली न्हाई. हे कुलूपच माझं न्हाई. कानिफनाथचं हाय, त्या पुलापलीकडच्या परमिट रूमवाल्याचं. त्याचं कुलूप माझ्या मागच्या दाराला, माझं कुलूप त्याच्या मागच्या दाराला, चाव्या ज्याच्या त्याच्या खिशात, उद्या सकाळी येऊन काढायचं. का, तर मागच्या बंदला काय झालं — पुढून समद्यांची शटर खाली, घोषणा, फोटो, तहसीलदाराला निवेदन, आनि मागच्या दारानं नुसती जत्रा. कोन कुनाला बोलनार? सगळेच इकत हुते. मी बी इकत हुतो, आता तुमच्यापाशी काय लपवायचं. म्हनून ह्या टायमाला बैठकीत ठरलं, शेजाऱ्याचं कुलूप शेजाऱ्याला. आनि बिरोबाच्या देवळात जाऊन समद्यांनी भंडारा उचलला — तुमाला ठाऊक हाय, भंडारा उचलून मानूस बोलला का फिरत न्हाई. ही शक्कल कुनाची? माझी. मीच उभा राहून मांडली. टाळ्या पडल्या. हसताय का? हसा, पन हळू.

आता टॅक्सचं म्हनाल तर अन्यायच हाय, त्यात दुमत न्हाई. लायसनची फी वाढवली, एक्साइज वाढवली, आनि वर आमच्या टेबलावर बसून पिनाऱ्याला व्हॅट डबल. वाईन शॉपमधनं बाटली नेनाऱ्याला तो व्हॅट न्हाई — का न्हाई? कुनाची वाईन शॉप हायती, ते आमाला कळत न्हाई व्हय? मग गिऱ्हाईक काय करतंय, तिथनं बाटली घेतंय आनि पाटाच्या चारीच्या कडंला, बाभळीखाली जाऊन बसतंय. माझी टेबलं रिकामी. न्हाईतर ढाब्यावर जातंय, तिथं काय पाजतेत देवाला ठाऊक, बूच एकाचं, लेबल दुसऱ्याचं. सरकार म्हनतंय, महाग केली का लोक कमी पितील. कोन कमी पितंय? जागा बदलली नुसती. माझ्याकडं निदान फॅन तरी हुता, भांडान झालं तर सोडवनारा मी हुतो, रिक्षात घालून घरी पाठवत हुतो लोकांना. असंच चाललं तर दिवाळीपतूर मला हे दार कायमचं लावावं लागंल. ह्यात लई बोलन्यासारखं हाय, पन तुमी कामाला लागा, मी बोलतो.

थांबा. कानिफनाथचा तुमाला फोन न्हाई ना आला? आज, काल, कधीच न्हाई? त्याची सासुरवाडी भिंगारचीच हाय, म्हनून आपलं इचारलं. मला वाटतंय त्यानं बी कुनीतरी चावीवाला बोलावला असनार. बघा ना, सकाळी त्याच्या दाराला मी माझं कुलूप लावलं — दाबलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं — तर हा मागं उभा राहून हसत हुता. दाराला कुलूप लागल्यावर मानूस हसंल का? काहीतरी सोय असल्याबिगर हसंल का? मग आमी इकडं आलो, त्यानं माझ्या दाराला हे लावलं, चावी खिशात टाकली, म्हनला चहा पाज. मी ओढून बघितलं न्हाई. कशाला हात लावू? तेवढ्यात कुनी फोटो काढला तर? सहादेव कुलपाशी खेळतोय म्हनून परमिट रूमवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला मोकळे. सकाळपासनं ह्या कुलपाला माझं बोट लागलेलं न्हाई.

मग उघडतोय कशापायी, तेच ना? रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार हाय एक. नवीन मशीन आलंय त्याचं, आज संध्याकाळी पूजा आनि पूजेनंतर पार्टी. सकाळी फोन आला — माल पाहिजे, आजच पाहिजे, आनि आज दिला तर काम संपंस्तोवर समदं तुमच्याकडनंच घेऊ. मी म्हनलं बंद हाय. तो म्हनला, बरं, मग पुलापलीकडं इचारतो. पुलापलीकडं म्हंजी कुठं? आता तुमीच सांगा, कानिफनाथ न्हाई म्हनंल? भंडारा त्यानं बी उचललाय, पन मानसाचं काय सांगावं. तसा वाईट न्हाई तो. माझ्या छातीत दुखलं तवा त्यानंच रात्रीतनं गाडी नगरला पळवली, चार दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून हुता, घरी जेवायला सुदीक गेला न्हाई. म्हंजी दुकान त्याचं तवा बंदच हुतं, असंल काहीतरी कारन... न्हाई, तसं न्हवतं. माझ्यासाठी बंद ठेवलं हुतं त्यानं. मला ते नंतर मंडळीनं सांगितलं. पन दवाखाना त्याच्या ओळखीचाच का निवडला, हे माझ्या डोक्यातनं अजून गेलं न्हाई बघा. मंडळी म्हनती, तुमी देवाच्या ताटातला निवद बी हुंगून बघाल. तिनंच माझ्या कपाळाला भंडारा लावलाय आज, तिला हे कळलं तर जेवायची न्हाई चार दिवस. म्हनून म्हनतो, हळू. एक बॉक्स काढायचा, पोत्यात घालायचा, कुलूप हुतं तसं लावायचं. समदे करतेत. मी न्हाई केलं तर मीच येडा.

काय झालं? का थांबलात? ती सळई घाला की आत. काय, लागत न्हाई? जुनं कुलूप हाय, त्याच्या बापाच्या टायमाचं, अवघड असनारच. काय म्हनता?

उघडंच हाय?

कसं उघडं हाय? मी समोर उभा हुतो, त्यानं दाबलं, खट् वाजलं. — दाबून लागत न्हाई? ह्या जातीच्या कुलपाला चावी फिरवावी लागती, न्हाईतर नुसतं अडकून ऱ्हातं? मग त्यानं फिरवली असंल. न्हाई फिरवली? दाखवा. ...आलं की हातात. नुसतं ओढल्यावर आलं.

इसरला असंल. न्हाई, त्याच्या बापाचं कुलूप, रोज दुकानाला हेच लावतो, इसरंल कसा. मुद्दाम ठेवलं. मला पकडायला. कुठंतरी कॅमेरा लावला असंल, त्या लिंबावर बघा बरं, तुमची नजर चांगली हाय. कायच न्हाई? भिताडावर? मग काय म्हनून ठेवलं? चावी त्याच्या हातात हुती, मिस्त्री. नुसती फिरवायची हुती. तो माझ्याकडं बघून म्हनला, सहादू, आपल्यात कशाला, ग्रुपसाठी अडकवतो नुसतं — मला वाटलं वरवरचं गोड बोलतोय. खरंच म्हनत हुता व्हय तो?

आनि मी त्याचं ओढून ओढून बघितलं, त्याच्या तोंडावर.

चावी बनवता का ह्याची? उघडायला न्हाई, लावायला. फिरवून पक्कं लावून टाका, मला उघडता येऊ नये असं. ...न्हाई, थांबा. उद्या सकाळी तो काढायला येनार, आनि कुलूप लागलेलं बघितलं का त्याला कळंल का कुनीतरी चावी आनली. त्याला कळंल मी काय करत हुतो. लाज वाटतीय मिस्त्री, खरंच लाज वाटतीय मला.

फोन ठेकेदाराचाच हाय. वाजू द्या.

तुमी निघा आता. मजुरी घ्या, पुरी घ्या, वरचं बी ठेवा. कुनी इचारलं तर सांगा, बोअरच्या मोटरपेटीचं कुलूप काढायला आलतो. न्हाई, काय बी सांगू नका. ते कुलूप द्या हिकडं — मीच अडकवतो. निघा म्हनलं ना.