दोंब्र्याचं दावं

(बाल्खाश शहरातलं टपाल कार्यालय, दुपारच्या सुट्टीला अर्धा तास उरलेला. खिडकीवर जाउरेश. खिडकीसमोर नुकतंच उघडलेलं पार्सल घेऊन तोलेगेन; आत दोंब्रा, दांडीवर दोरीचे पडदे बांधलेलं दोन तारांचं वाद्य. त्याचा फोन स्पीकरवर आहे आणि पलीकडे, कार्कारालीजवळच्या गावातून, कुन्सुलू बोलते आहे.)

तोलेगेन : वीस होते! फोटोत वीस पडदे आहेत, भिंग लावून मोजलेत मी. आणि हातात आलाय तो एकोणीस पडद्यांचा. मग हा तोच दोंब्रा कसा?

कुन्सुलू : तोच आहे, म्हणते ना. माझ्या घरात दुसरा होताच कुठे बदलून पाठवायला?

तोलेगेन : काय? मोठ्यानं बोला. माझा उजवा कान गेलाय, डावा चाललाय.

जाउरेश : त्या म्हणतायत, घरात दुसरा नव्हताच. आणि मी म्हणतेय, आगा, एक वाजता खिडकी बंद होते. पटलं तर सही करा, नाहीतर परत पाठवायचा शिक्का मारते. मागे सात माणसं उभी आहेत.

तोलेगेन : थांब गं पोरी, थांब. आपा, ऐका. गेल्या वर्षी एकानं माझ्याकडून आधी पैसे घेतले. पार्सल फोडलं तर आत नमद्यात गुंडाळलेली वीट! तेव्हापासून माझ्या भाचीनं मला चार गोष्टी पढवल्यात. आधी पैसे द्यायचे नाहीत. कुणी लिंक पाठवली तर तिला बोट लावायचं नाही. वस्तूच्या शेजारी कागदावर आजची तारीख लिहून फोटो मागायचा. आणि पार्सल खिडकीवरच्या माणसासमोर उघडायचं. चारही केल्या मी. आणि तरी?

कुन्सुलू : तुमचीच काय ती फसवणूक होते होय? जाहिरात टाकल्या दिवशीच एकानं फोन केला, म्हणे पैसे पाठवतो, कार्डाच्या मागचे आकडे सांगा. मी सांगायलाच बसले होते. जावयानं फोन हिसकावला म्हणून वाचले. दुसऱ्याला हॉटेलच्या भिंतीवर टांगायला हवा होता, मेंढीच्या शिंगांच्या शेजारी. वाजवायला कोणी मागितला? तुम्ही. म्हणून तुम्हाला दिला.

तोलेगेन : मग विसावा पडदा कुठाय?

कुन्सुलू : एक दोरी ती. तुम्ही बांधा की दुसरी.

तोलेगेन : कुठे बांधू? कुठे? सातव्या आणि आठव्याच्या मधे होता तो. कोणत्याच दोंब्र्याला तिथे पडदा नसतो. केसभर इकडचा तिकडे झाला तरी सगळं गेलं! तुम्हाला कल्पना नाही, काय गेलंय त्याच्याबरोबर.

कुन्सुलू : अहो, ओरडताय कशाला?

तोलेगेन : ऐकू येत नाही म्हणून ओरडतोय! कुणी काढला तो?

कुन्सुलू : मी कापला. बांधाबांध करताना.

जाउरेश : आगा, त्यांनीच कापला म्हणतायत.

तोलेगेन : ऐकलं. एवढं नेमकं ऐकलं. का कापलात, आपा?

कुन्सुलू : का म्हणजे? घोडा विकताना दावं देतं का कुणी? घोडा जातो, दावं घरात राहतं. नाहीतर घराची बरकत त्याच्यामागून दारातून निघून जाते. माझ्या सासूनं एकही जनावर दाव्यासकट विकलं नाही. आमचे हे गेल्यापासून हा भिंतीवर नुसता टांगलेला. विकायचं ठरलं, तेव्हा वाटलं, याचंही काहीतरी मागे ठेवावं. तार कापली असती तर तुम्ही लगेच ओरडला असता. म्हटलं, पडद्यांमधला एक.

तोलेगेन : विसातून तोच एक?

कुन्सुलू : …हाताला तोच आला.

तोलेगेन : बरं. पडदा बांधलेला असतो तिथे दांडीवर खूण पडते. इथे खूणही नाही. लाकूड आरशासारखं गुळगुळीत.

कुन्सुलू : ते जावयाचं काम. म्हणाला, दोरी काढल्यावर काळा वळ दिसतोय, घेणारा नाक मुरडेल. पॉलिश कागदानं घासलं आणि वर तेल चोळलं. पोर मनानं चांगलं आहे हो.

तोलेगेन : घासलं… घासून टाकलं.

जाउरेश : आगा? बसा, खाली बसा. स्टूल देते. अहो, जरा सरका ना, यांना बसू द्या. फोटो आहे ना तुमच्याकडे? त्याच्यावरून मोजा.

तोलेगेन : फोटो तिरका काढलाय, पोरी. गालिच्यावर ठेवून, कोपऱ्यातून. एक दिवस मोजत होतो. दोन बोटं रुंद जागेत कुठेही येतो. व्हिडिओ मागितला तर यांच्या जावयानं मोकळ्या तारा छेडून पाठवल्या, ट्यांव, ट्यांव. मी म्हटलं, असू दे, दोंब्रा हातात तर येतोय. आता त्यात काही नाही. लाकूड आहे नुसतं.

कुन्सुलू : नको असेल तर पाठवा परत. एवढं रडता काय? बाजारात शंभर मिळतील.

तोलेगेन : मिर्झाखमेत उस्तादांचा एकच होता, आपा.

कुन्सुलू : …आमच्या यांचं नाव जाहिरातीत नव्हतं. जावयाला मी घालूच दिलं नाही. तुम्हाला कुठून माहीत?

तोलेगेन : त्या पडद्यावरून ओळखला.

कुन्सुलू : तो पडदा आमच्या चुलीपाशी बसून ऐकणाऱ्यालाच माहीत. कोण तुम्ही? जाहिरातीला उत्तर आलं, त्यावर तर पोरीचं नाव होतं. गुलदाना.

तोलेगेन : भाचीचं खातं आहे ते.

कुन्सुलू : मी विचारलं, कोण तुम्ही?

तोलेगेन : तोलेगेन. दोन हिवाळे तुमच्याकडे शिकायला होतो. तुमच्या हातचे तळलेले बाउर्साक…

कुन्सुलू : तोलेगेन! टेपवाला तोलेगेन! अरे लबाडा! माझ्याकडून कागद, तारीख, फोटो, सगळं मागितलंस, आणि स्वतः भाचीच्या पदराआड लपलास? फसवाफसवीच्या गोष्टी सांगतोय मला!

तोलेगेन : नाव सांगितलं असतं तर विकला असतात?

कुन्सुलू : तुला? माझ्या लेकीच्या दुखवट्याला, चाळिसाव्या दिवशी, कोटाच्या बाहीत टेपरेकॉर्डर लपवून बसला होतास. यांनी रीळ ओढून काढलं. मी माझ्या हातानं चुलीत घातलं. विकला असता म्हणे!

जाउरेश : आगा, लोक ऐकतायत. स्पीकर बंद करू का?

तोलेगेन : नको. मग मला काहीच ऐकू येणार नाही. ऐकू दे लोकांना. हो आपा, चोरी केली मी. बावीस वर्षं झाली, अजून तोंड वर करून गावात आलो नाही. पण का केली? लेकीवरची ती रचना उस्तादांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा आणि शेवटची वाजवली. पुन्हा कुणापुढे नाही. बोटं कशी जातात ते मला पाठ आहे, रोज फिरवतो. पण माझ्या दोंब्र्यावर त्या एका जागी बोट पडलं की मुकी होते. ती जागाच नाही तिथे. उस्ताद गेल्या वसंतात गेले. आता ती या जगात फक्त माझ्या बोटांत आहे, आणि तीही अर्धी. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत डावा कानही जाईल. मला ती एकदा धड वाजवून दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची आहे. शाळेत तीन पोरी आहेत, चांगली बोटं आहेत त्यांची. कृपा करा माझ्यावर. ती जागा कुठे होती?

कुन्सुलू : मला काय ठाऊक? मला गाण्यातलं काही कळत नाही. मी भाकरी थापत होते.

तोलेगेन : मी वाजवतो. तुम्ही फक्त हो नाहीतर नाही म्हणा.

कुन्सुलू : नाही!

तोलेगेन : एकदाच.

कुन्सुलू : मी ऐकणार नाही. ऐकायला लागू नये म्हणूनच विकला ना! रस्त्यावरून ट्रक गेला तरी भिंतीवर तारा घुमायच्या. मी चहा टाकून अंगणात पळायची. ठेवते फोन.

तोलेगेन : ठेवू नका! आपा! पोरी, फोन बंद झाला का? काही आवाज नाही येत. सांग ना!

जाउरेश : नाही ठेवलेला. चालू आहे. श्वास ऐकू येतोय त्यांचा.

तोलेगेन : ठेवला असता तर बरं झालं असतं. शिक्का मार तू. परत पाठव. माझ्याकडे काय आणि त्यांच्या भिंतीवर काय, मुकाच राहणार तो.

जाउरेश : अहो आगा, असं लगेच… आपा, तुम्ही तरी बोला. मी ओळखत नाही तुम्हाला, पण हा माणूस माझ्या खिडकीपाशी ढसाढसा रडतोय हो. मी काय करू सांगा.

कुन्सुलू : …पोरी, तुझं नाव काय?

जाउरेश : जाउरेश.

कुन्सुलू : आई आहे तुला?

जाउरेश : आहे.

कुन्सुलू : तुझा आवाज आई लगेच ओळखत असेल. फोन उचलल्याबरोबर.

जाउरेश : शिंकले तरी ओळखते.

कुन्सुलू : माझी लेक कमशात घोगऱ्या आवाजाची होती. लहानपणी घसा धरला तो कायमचाच. गाव चिडवायचं तिला, हिच्या लग्नात गाणं म्हणायला बोकड आणा. पण घोड्या तिच्याच हाकेला यायच्या. उन्हाळ्यात दर दोन तासांनी त्यांचं दूध काढायचं, ती टेकडावर उभी राहायची, कुराऊ, कुराऊ. शेवटचा 'ऊ' असा घसरायचा. एकोणीस वर्षांची होती. जानेवारीत वादळ आलं, ती कळप आणायला गेली. घोड्या आल्या. ती नाही आली.

तोलेगेन : काय म्हणतायत त्या? मला सगळं कळत नाहीये.

जाउरेश : लेकीबद्दल बोलतायत. थांबा आगा.

कुन्सुलू : आमचे हे तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दांडीला एक दोरी बांधली आणि तार छेडत बसले. सरकवायचे, छेडायचे. सरकवायचे, छेडायचे. मी वेडी व्हायची पाळी आली. मी चुलीपाशी, पिठात हात. तिसऱ्या दिवशी मला तीच ऐकू आली. टेकडावरून. मी हातातलं पातेलं भिरकावलं आणि ओरडले, तिथेच! हलवू नका! तिथेच!

जाउरेश : म्हणजे… जागा तुम्ही सांगितलीत?

कुन्सुलू : त्यांना सापडलीच नव्हती, पोरी. आईला सापडणार नाही तर कुणाला? मग कापताना म्हटलं, तीच एवढी माझ्याजवळ राहू दे. दोरी खिशात घेऊन हिंडतेय. काल अंगणात उभी राहिले आणि तिची हाक आठवून बघितली. आली नाही. दोनदा, तीनदा. येतच नाहीये. माझ्या लेकीचा आवाज मी विसरत चाललेय, जाउरेश. खिशात नुसती दोरी.

जाउरेश : आगा! जागा यांना माहीत आहे! यांनीच शोधली होती! ऐकलंत का?

तोलेगेन : काय? कुणी?

जाउरेश : वाजवा! वाजवा तुम्ही! अहो मागचे, गप्प बसा जरा. ते दार लावून घ्या. हो, वाजलाय एक, बघितलाय मी. कुणी कुठे जायचं नाही.

तोलेगेन : पडदा कशाचा बांधू? माझ्याकडे काही नाही.

जाउरेश : हा घ्या. पार्सलांचा दोरा आहे, नायलॉनचा. दोन वेढे द्या.

तोलेगेन : आपा, वाजवतो. सातव्याच्या लगेच खालून सुरू करतो.

कुन्सुलू : …ही नाही.

जाउरेश : नाही म्हणतायत. जरा सरकवा.

कुन्सुलू : ही तर शाळेतली मास्तरीण. माझी अशी शहाणी कुठली!

जाउरेश : अजून सरकवा, आगा. अजून. एवढं नाही, थोडंसं.

कुन्सुलू : हिचा घसा फार मोकळा आहे. गोड आहे. ती गोड नव्हती. तोलेगेन, अरे गोड नव्हती ती!

जाउरेश : गोड नको म्हणतायत. घोगरा हवाय.

तोलेगेन : मला काही कळत नाहीये! सगळे सारखेच लागतायत. मघापासून सारखेच. पोरी, माझा हात धर, तू सरकव.

जाउरेश : धरलाय. हं, छेडा. पुन्हा. पुन्हा छेडा… आपा? आपा, आहात ना?

कुन्सुलू : तिथेच! हलवू नका!

जाउरेश : तिथेच, आगा. नका हलवू.

तोलेगेन : नक्की? आपा, खरं सांगा, माझं मन राखायला म्हणू नका. मला तर काहीच फरक कळला नाही हो.

कुन्सुलू : मला कळला. घट्ट बांध. आणि आणखी एकदा हाक मार तिला.